बंदुकांच्या बाजारात आता राम उरलाय का?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचं शहर आहे. तिथल्या जत्रेच्या मैदानावर एक प्रचंड इमारत आहे. दाराशी तेलविहीर खोदणाऱ्या कामगाराचा ७५ फुटी सोनेरी पुतळा, आणि आत एका छपराखाली सुमारे ११ एकर जागा. वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये, या इमारतीत ४,२०० हून जास्त टेबलं मांडली जातात. टेबलांवर बंदुका, पिस्तुलं, काडतुसं, सुरे, संगिनी, लष्करी टोप्या, बिल्ले आणि या सगळ्याविषयीची पुस्तकं. १९५५ साली स्थानिक संग्राहकांच्या एका संघटनेनं हा मेळा सुरू केला. पुढं तो वॅनेनमाकर कुटुंबाच्या हाती आला, वाढत गेला, आणि आज तो स्वतःला जगातला सर्वांत मोठा गन शो म्हणवतो.

असे मेळे अमेरिकेत गावोगाव भरतात. केंद्र सरकारच्या एटीएफ या शस्त्रविषयक खात्यानं १९९९ मध्ये काढलेल्या अहवालात वर्षाला चार हजारांहून अधिक गन शो भरत असल्याचं म्हटलं होतं. शनिवार-रविवारचा बेत, दारात तिकीट, आत रांगा. वर्षानुवर्षं या रांगांतून फिरलेली जुनी मंडळी मात्र हल्ली एकमेकांना एकच गोष्ट विचारताना दिसतात: आता इथं येण्यात काही राम उरलाय का?

मराठी वाचकाला याचं काय, असं कुणी विचारेल. टेक्सास, ओहायो, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत आपली हजारो कुटुंबं आहेत. हायवेवर गन शोचे फलक त्यांना दिसतात, ऑफिसातला सहकारी सोमवारी तिथल्या खरेदीच्या गोष्टी सांगतो, आणि मुलांना भेटायला गेलेले आईवडील कुतूहलानं विचारतात, ‘बघून तरी येऊ या का?’ शिवाय त्या टेबलांवर आपल्या देशातून गेलेल्या वस्तू पडलेल्या असतात. त्यांतल्या काहींशी आपल्या इतिहासाचा अगदी जवळचा संबंध आहे. या लेखाला मी हात घातला तो मुख्यतः या वस्तूंसाठी.

आपल्याकडे बंदूक म्हणजे सरकारी कागद. जिल्हाधिकाऱ्याचा किंवा पोलीस आयुक्ताचा परवाना, त्यासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं. कोकणात आणि गोव्यात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अजून ठासणीच्या बंदुका आहेत. निवडणूक जाहीर झाली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि नेमकं त्याच वेळी रानडुकरं शेतात उतरतात, ही तिथल्या शेतकऱ्याची नेहमीची तक्रार. अशा मुलखातून गेलेला माणूस गन शोच्या दारात उभा राहिला की आधी गोंधळतो. समोरून माणसं खांद्याला रायफल लावून निवांत चालत येत असतात. नळीत एक काडी खोचलेली, काडीला कागदाचा तुकडा, त्यावर किंमत. ती बंदूक विकायची आहे एवढाच त्याचा अर्थ. दारावर पोलीस किंवा स्वयंसेवक प्रत्येक बंदूक रिकामी असल्याची खात्री करतो आणि ती चालवता येऊ नये म्हणून तिच्यातून प्लास्टिकची पट्टी आवळतो. टेबलांवरच्या बंदुकांच्या चापाच्या कड्यांतून तारेची लांब दोरी ओवलेली असते. बाकी वातावरण आपल्या गावच्या आठवडी बाजाराचं: कोपर टेकून घासाघीस, शेजारच्या टेबलाशी गप्पा, कुणाच्या तरी हातात भाजलेल्या मक्याचं कणीस.

मी टल्साला हात मागं बांधून फिरलो. त्याचं कारण शेवटी सांगतो.

हा बाजार इतका वाढला तो एका कायद्यामुळं. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार परवानाधारक विक्रेत्याला आपल्या दुकानाबाहेर बंदूक विकता येत नव्हती. १९८६ साली हा कायदा सैल झाला आणि दुकानदारांना आपल्याच राज्यातल्या गन शोमध्ये टेबल लावून विक्री करण्याची मुभा मिळाली. तोवर हे मेळे प्रामुख्यानं संग्राहकांचे होते. नंतर व्यापारी आले. पाठोपाठ सोव्हिएत संघ कोसळला आणि पूर्व युरोपातली लष्करी गोदामं रिकामी होऊ लागली. रशियन मोसिन-नगांट रायफली लाकडी खोक्यांतून, जाड ग्रीजमध्ये बुडवलेल्या, शंभर डॉलरच्याही आत मिळत. चिनी एसकेएस तशाच. ज्यांनी नव्वदचं दशक पाहिलं ती माणसं त्या खोक्यांच्या आठवणी अजून डोळे चमकवत सांगतात.

तो झरा आता आटला आहे. चीनमधून बंदुका आणि काडतुसं आणण्यावर १९९४ मध्ये बंदी आली. रशियन काडतुसांची नवी आयात २०२१ मध्ये थांबवली गेली. जुन्या गोदामांत होतं ते संपलं. ज्या मोसिनला कुणी फारशी किंमत देत नव्हतं ती आज कित्येक पटींनी महाग आहे, आणि ती घ्यायला गन शोलाच जायला हवं असंही राहिलेलं नाही.

त्यात इंटरनेटची भर पडली. १९९९ मध्ये गनब्रोकर नावाची लिलावाची साइट सुरू झाली आणि टेबलामागच्या माणसाच्या हातातलं सगळ्यांत मोठं भांडवल, म्हणजे किमतीचं ज्ञान, हळूहळू गिऱ्हाइकाच्या खिशात गेलं. पूर्वी एखाद्या जुन्या विंचेस्टरचा भाव काय हे दहा टेबलं फिरल्यावर कळायचं. आता माणूस फोन काढतो, तसल्याच रायफली गेल्या महिन्यात कितीला गेल्या ते पाहतो आणि टेबलवाल्याच्या तोंडावर फोन धरतो. विकणाराही तेच करतो. एखाद्या साइटवर कुणी मागितलेली अवाच्या सवा किंमत दाखवून तो म्हणतो, ‘बघा, हाच भाव चाललाय.’ मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांतलं अंतर दोघांनाही ठाऊक असतं. घासाघीस तिथंच अडते.

टेक्सासात वर्षानुवर्षं राहिलेले मूळ नागपूरचे एक गृहस्थ मला टल्साला भेटले. अमेरिकी नागरिक, निवृत्त इंजिनियर, शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाणारे आणि ली-एनफिल्ड जातीच्या रायफली जमवणारे. मी त्यांना काका म्हणू लागलो आणि त्यांनाही ते आवडलं. दोन रांगा फिरून झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले, ‘‘पाहा तुम्ही. तिकडं वाळवलेलं मांस, इकडं टी-शर्ट, त्याच्या पुढं विजेचा झटका देणारे टॉर्च, मग बायकांच्या पर्सा, मग मध. बंदुका कुठं आहेत बाप्पा? आणि ज्या आहेत त्या नव्याकोऱ्या. हीच ग्लॉक माझ्या घरापासून दहा मिनिटांवरच्या दुकानात याच भावात मिळते. तिथं पार्किंगचे पैसे पडत नाहीत, तिकीट नाही, बिघडली तर दुसऱ्या दिवशी नेऊन दाखवता येते.’’

काकांची तक्रार गावोगावच्या छोट्या गन शोबद्दल शंभर टक्के खरी आहे. शहराबाहेरच्या हॉलमध्ये महिन्याआड भरणारे, एकाच आयोजक कंपनीनं पाच-सहा गावांत फिरवलेले हे मेळे आता दुकानदारांची फिरती शाखा झाले आहेत. टेबलाचं भाडं चढं, म्हणून ज्याच्याकडे नवा माल घाऊक आहे त्यालाच ते परवडतं. आजोबांच्या दोन बंदुका विकायला आलेला माणूस तिथं दिसेनासा होतो, आणि तो दिसेनासा झाला की पाहायला येणाऱ्याचंही कारण संपतं. २०२० च्या महामारीत कित्येक मेळे रद्द झाले. त्याच वर्षी बंदूक खरेदीच्या केंद्रीय तपासण्यांनी जवळजवळ चार कोटींचा आकडा गाठला. लोकांनी बंदुका अमाप घेतल्या, त्यासाठी गन शोची गरज पडली नाही.

तेव्हा नवी बंदूक स्वस्तात मिळेल म्हणून आज गन शोला जाण्यात अर्थ नाही. हा प्रश्न माझ्या मते निकालात निघाला आहे.

जुन्या वस्तूंची गोष्ट अगदी वेगळी. टल्साला मागच्या रांगांत संग्राहकांची टेबलं असतात. तिथं विक्रीची घाई नसते. एखाद्या टेबलावर एकाच मॉडेलच्या बारा रायफली, प्रत्येकीत थोडा फरक, आणि मागं त्या फरकांवर आयुष्य घालवलेला सत्तरीचा माणूस. काका मला अशाच एका टेबलाशी घेऊन गेले आणि म्हणाले, ‘‘ही पाहा आपली.’’

ती ईशापूरची २ए१ रायफल होती. बंगालमधल्या ईशापूर कारखान्यात बनलेली. १९६२ च्या चीन युद्धानंतर भारतीय सैन्याला रायफलींची निकड होती, तेव्हा जुन्या एनफिल्डचा आराखडा घेऊन तो नव्या ७.६२ काडतुसासाठी बेतला गेला. लांबून पाहिलं तर महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेल्या थ्री नॉट थ्रीचीच ही सख्खी बहीण. मॅगझिन तेवढं चौकोनी पेटीसारखं. काकांनी ती उचलून उजेडात धरली आणि मला एकेक खूण दाखवत गेले. दस्त्याला जोडून असलेल्या धातूच्या पट्टीवर आरएफआय ही अक्षरं, खाली साल. त्यावर अशोकस्तंभाच्या सिंहांचा ठसा, झिजून गुळगुळीत झालेला. नळीखालच्या लाकडात आरपार गेलेला एक स्क्रू. लाकूड उभं फाटू नये म्हणून भारतीय कारखान्यात तो घालत आणि संग्राहक त्याला ईशापूर स्क्रू म्हणूनच ओळखतात. शेवटी नळीवर अगदी बारीक अक्षरांत अमेरिकी आयातदाराचं नाव, कारण आयात केलेल्या बंदुकीवर ते कोरणं कायद्यानं सक्तीचं आहे. एवढ्या चार खुणांत त्या रायफलीचं सगळं आयुष्य वाचता येत होतं: कुठं जन्मली, कुणाच्या चाकरीत राहिली, कुणी विकत घेऊन समुद्रापार नेली.

टेबलामागच्या म्हाताऱ्यानं हे सगळं ऐकलं, मला कुठला म्हणून विचारलं आणि खालच्या खोक्यातून एक पितळी काडतूस काढून बुडाकडून दाखवलं. बुडावर ओएफव्ही अशी अक्षरं होती. ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव. भुसावळजवळचं वरणगाव! जळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यातून निघालेला माल सरप्लस म्हणून विकला गेला आणि ओक्लाहोमातल्या खोक्यात येऊन पडला. त्या काळच्या भारतीय सरप्लस काडतुसांविषयी अमेरिकी नेमबाज फारसं चांगलं बोलत नाहीत. हा म्हातारा ती उडवत नव्हता, बुडांवरच्या शिक्क्यांसाठी जमवत होता. त्याच्याकडे कितीतरी देशांची काडतुसं होती आणि प्रत्येक शिक्का कुठल्या कारखान्याचा हे त्याला पाठ होतं. मला त्याच्याविषयी आदर वाटला. असं ज्ञान कुठल्याही साइटवर विकत मिळत नाही. ते हातात वस्तू घेऊन, जाणत्याच्या शेजारी उभं राहून मिळतं.

आणखी एक वस्तू मी बराच वेळ पाहत राहिलो. चकमकीची लांब बंदूक, सगळी काळ्या चिकट थरानं माखलेली. २००३ साली दोन अमेरिकी कंपन्यांनी नेपाळच्या शाही सैन्याकडून काठमांडूतल्या लगन सिलेखाना या जुन्या शस्त्रागारातला सगळा साठा विकत घेतला. त्यात हजारो बंदुका होत्या: ब्रिटिश मार्टिनी-हेन्री, नेपाळनं स्वतः बनवलेल्या गहेंद्र रायफली, आणि ‘इंडिया पॅटर्न’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्राउन बेस. हा नमुना मुळात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांसाठी आखलेला. पुढं १७९० च्या दशकात ब्रिटिश सरकारनंच तो आपल्या सैन्यासाठी उचलला. याच घराण्यातल्या बंदुका घेऊन कंपनीच्या पलटणी १८०३ मध्ये असईला आणि १८१७ मध्ये खडकीला मराठ्यांसमोर उभ्या होत्या. शाळेत आपण त्या लढायांची सनं पाठ केली. ज्या हत्यारानं त्या लढल्या गेल्या ते किती लांब, किती जड, चकमकीचा दगड कुठं बसतो, दारू कुठं ओततात, हे मला परदेशातल्या एका टेबलावर पाहायला मिळालं. विकणाऱ्याला तिच्यासाठी कुठलाही फॉर्म भरून घ्यावा लागत नाही. १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक अमेरिकी केंद्रीय कायद्याच्या लेखी पुराणवस्तू ठरते. पन्नास वर्षांहून जुन्या बंदुकांसाठी संग्राहकांचा वेगळा परवाना असतो. तीन वर्षांचे ३० डॉलर भरले की मिळतो. जुन्या वस्तूंची ही दुनिया अजून तगून आहे ती बरीचशी या सवलतींवर.

मेरीलँडमधल्या टिमोनियमला दरवर्षी जुन्या शस्त्रांचा वेगळा मेळा भरतो. ओहायोतली संग्राहकांची संघटना तर १९३७ पासून चालू आहे आणि तिचे मेळे सभासदांसाठी असतात. अशा ठिकाणी भारतीय कट्यारी, फिरंगी तलवारी, तोड्याच्या बंदुका हमखास येतात. आपण त्यांच्याकडे लक्ष द्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात आली तेव्हा महाराष्ट्र सरकारला धावपळ करून ती मिळवावी लागली. लिलावाची बातमी झाली म्हणून ती निदान कळली. टेबलांवर जे विकलं जातं त्याची बातमी होत नाही. परदेशातल्या मराठी मंडळांनी नाटकं आणि गणपती निष्ठेनं केले. या मेळ्यांतून फिरणारी, खुणा ओळखणारी, नोंद ठेवणारी चार माणसं तयार केली तर इतिहासाच्या अभ्यासकांवर मोठे उपकार होतील.

आता दुसरी बाजू. ती सांगितल्याशिवाय गन शोविषयी लिहिणं अप्रामाणिक होईल.

परवानाधारक दुकानदार गन शोमध्ये बंदूक विकतो तेव्हा त्याला दुकानातलेच सगळे नियम लागू असतात. गिऱ्हाइकाकडून ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून घ्यायचा, नोव्हेंबर १९९८ पासून चालू असलेल्या एफबीआयच्या केंद्रीय यंत्रणेला विचारायचं आणि होकार आला तर बंदूक द्यायची. पण शेजारच्या टेबलावरचा माणूस धंदेवाईक विक्रेता नसेल, स्वतःच्या संग्रहातली बंदूक विकत असेल, तर केंद्रीय कायदा त्याला ही तपासणी करायला लावत नाही. आपल्याच राज्यातला गिऱ्हाईक, हातात रोख पैसे, आणि हा माणूस गुन्हेगार आहे असं मानायला काही कारण दिसत नसलं की व्यवहार संपला. खांद्यावरच्या रायफलीत कागद खोचून फिरणारे लोक बहुधा याच वर्गातले. हा नियम गन शोपुरता नाही, घरच्या अंगणातल्या विक्रीलाही तोच. पण एका छपराखाली शेकडो विकणारे आणि हजारो घेणारे एकत्र येतात तिथं त्याचा अर्थ वेगळा होतो.

तो अर्थ कोलोरॅडोला फार भयंकर रीतीनं कळला. २० एप्रिल १९९९ ला कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी बारा मुलांना आणि एका शिक्षकाला ठार मारलं. वापरलेल्या चारपैकी तीन बंदुका त्यांच्या १८ वर्षांच्या मैत्रिणीनं काही महिन्यांपूर्वी डेन्व्हरच्या एका गन शोमध्ये खासगी विक्रेत्यांकडून घेऊन दिल्या होत्या. मारेकरी तेव्हा १७ वर्षांचे होते. ते तिच्याबरोबर टेबलांमधून फिरले आणि हवं ते त्यांनी निवडलं. पुढं कोलोरॅडोच्या विधिमंडळासमोर तिनं सांगितलं की तपासणीची अट असती तर आपण त्या बंदुका घेतल्या नसत्या. ही साक्ष मला नेहमी अस्वस्थ करते. एक फॉर्म, एक फोन, आणि कदाचित ती तेवढ्यावर मागं फिरली असती.

१९९९ च्याच मे महिन्यात अमेरिकी सिनेटमध्ये गन शोमधल्या सगळ्या विक्रीला तपासणी लावणारी दुरुस्ती आली. मतं पन्नास-पन्नास पडली, उपाध्यक्ष अल गोर यांनी निर्णायक मत दिलं आणि ती मंजूर झाली. पुढं प्रतिनिधिगृहात ती मेली. कोलोरॅडोच्या मतदारांनी मात्र वाट पाहिली नाही. २००० साली त्यांनी सुमारे ७० टक्के मतांनी आपल्या राज्यातल्या गन शोमध्ये तपासणी सक्तीची केली. सँडी हूकच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर २०१३ मध्ये सिनेटपुढं आलेल्या तपासणीच्या दुरुस्तीला ५४ मतं पडली. लागत होती ६०. २०२२ च्या कायद्यानं ‘धंदेवाईक विक्रेता’ कुणाला म्हणायचं याची व्याख्या रुंद केली. ती राबवण्यासाठी एटीएफनं २०२४ मध्ये आणलेला नियम लगेच कोर्टकचेऱ्यांत अडकला.

बंदुकीचे कट्टर समर्थक इथं एक आकडा पुढं करतात, आणि तो खरा आहे. अमेरिकी न्याय खात्यानं २०१६ मध्ये कैद्यांची पाहणी केली. गुन्ह्याच्या वेळी ज्यांच्याकडे बंदूक होती त्यांच्यापैकी जेमतेम ०.८ टक्क्यांनी ती गन शोमध्ये मिळवली होती. सगळ्यांत मोठा वाटा रस्त्यावरच्या चोरट्या बाजाराचा, ४३ टक्के. तेव्हा गन शोला कशाला बदनाम करता, असा त्यांचा सवाल असतो. माझं म्हणणं असं की गुन्हेगारानं ती शेवटी कुठून घेतली एवढंच हा आकडा सांगतो. रस्त्यावर विकणाऱ्यानं ती कुठून आणली हे त्यात येत नाही.

संशोधकांचंही एकमत नाही. २०११ च्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाला कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये गन शोनंतर आसपास गुन्हे वाढल्याचं आढळलं नाही. २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासानं मात्र दाखवलं की नियम सैल असलेल्या नेवाडात गन शो झाला की सीमेपलीकडच्या कॅलिफोर्नियातल्या गावांत बंदुकीच्या जखमा वाढत. कॅलिफोर्नियातल्या, कडक नियमांखाली झालेल्या शोनंतर तसं होत नव्हतं. या दुसऱ्या अभ्यासातले एक संशोधक डॉ. गॅरन विंटमुट यांनी त्याआधी १९ राज्यांतल्या ७८ गन शोमध्ये स्वतः फिरून निरीक्षणं केली होती. आपत्कालीन विभागात गोळ्या लागलेली माणसं हाताळणारा हा डॉक्टर. फक्त गन शोला वेठीला धरून भागणार नाही, खासगी विक्री कुठंही होवो, तपासणी सगळीकडे हवी, हे त्यांचं मत. मला ते पटतं. ज्या देशात २०२२ या एका वर्षात ४८,२०४ माणसं बंदुकीनं मेली, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त आत्महत्येनं, तिथं दहा-पंधरा मिनिटांची तपासणी हा जाच म्हणणं मला निर्दय वाटतं.

पण मेळेच बंद करण्याच्या मी विरुद्ध आहे. कॅलिफोर्नियानं सरकारी जत्रेच्या मैदानांवर बंदूकविक्रीला बंदी घातली आणि २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयानं ती उचलून धरली. दुःखाची गोष्ट अशी की या राज्यात खासगी विक्रीलाही तपासणी आधीपासूनच सक्तीची होती. बंदीनं तिथल्या संग्राहकांची बसायची जागा तेवढी गेली. उलट कोलोरॅडोत तपासणी सक्तीची झाल्यावरही गन शो भरतच राहिले. प्रामाणिक विकणाऱ्याचं त्यात काही बिघडलं नाही. शेजारच्या परवानाधारकाकडून तपासणी करून घ्यायची आणि पुढचं गिऱ्हाईक पाहायचं.

आणखी एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक मोठ्या शोमध्ये दिसते आणि ती मला सहन होत नाही. नाझी वस्तूंची टेबलं. महायुद्धात लढलेल्या आजोबांनी शत्रूकडून हिसकावून आणलेला खंजीर नातवानं विकायला ठेवला तर ती इतिहासाची वस्तू आहे, तिला जागा असावी. पण कालपरवा छापलेले नवे नाझी झेंडे घडी करून विकायला ठेवणाऱ्याला इतिहासाशी काही देणंघेणं नाही. ओक्लाहोमा सिटीत १९९५ मध्ये सरकारी इमारत उडवून १६८ जणांचा जीव घेणारा टिमथी मॅकव्हे हा गन शोमधून फिरत वंशद्वेषी पुस्तकं विकत असे. आयोजकांना अशी टेबलं नाकारता येतात. ज्यांनी नाकारली नाहीत त्यांनी किती कुटुंबांना दारातूनच परत पाठवलं असेल याचा त्यांनी विचार करावा.

काकांना मी निरोप घेताना सरळ विचारलं, तुम्ही पुढच्या खेपेला येणार का? ते म्हणाले, ‘‘टल्साला येणार. हातपाय चालतात तोवर येणार. गावच्या शोला मात्र आता जात नाही मी.’’ माझाही निवाडा तोच आहे. संग्राहकांनी चालवलेले, जुन्या वस्तूंना जागा देणारे मोठे मेळे अजून जाण्याजोगे आहेत. टल्सापासून जवळच क्लेअरमोर गावात बारा हजारांहून जास्त बंदुकांचं जे. एम. डेव्हिस संग्रहालय आहे. दोन्ही एका फेरीत होतात. बाकी शनिवार-रविवारचे व्यापारी मेळे सोडून दिले तरी काही चुकत नाही.

जाणाऱ्या मराठी माणसाला मात्र हात जोडून सांगतो. तुम्ही पर्यटक, विद्यार्थी किंवा एच-१बी व्हिसावर असाल, तर अमेरिकी केंद्रीय कायद्यानं तुम्हाला बंदूक किंवा काडतूस बाळगण्याची मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. टेबलावरची बंदूक क्षणभर उचलणं म्हणजे बाळगणं होतं का, यावर वकील वाद घालतील. त्या वादात तुमचा व्हिसा पणाला लावू नका. मी हात मागं बांधून फिरलो तो म्हणूनच. बघा, विचारा, परवानगी घेऊन फोटो काढा, हात लावू नका. भारतीय वस्तू दिसली तर तिच्यावरच्या अक्षरांचा आणि शिक्क्यांचा जवळून फोटो घ्या, विकणाऱ्याकडून ती कुठून आली ते लिहून घ्या आणि इतिहासाच्या एखाद्या अभ्यासकाकडे पाठवा. आणि आठवण म्हणून काडतूस, रिकामं का असेना, कधीही खिशात टाकू नका. भारतातल्या विमानतळांवर सामानात एखादं काडतूस सापडलं म्हणून शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदवले गेले आहेत, आणि नकळत राहिलं हे सिद्ध करायला कित्येकांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आहे. परतीच्या विमानाआधी बॅगेचा प्रत्येक कप्पा उलटा करून पाहा. मुलाच्या किंवा जावयाच्या घरून बॅग उसनी घेतली असेल तर दोनदा पाहा.